सिनेमा कळणारा माणूस

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्यासारख्या मोठ्या गावात पुढारी, पैलवान आणि महाराज यांच्या जोडीला हल्ली आणखी एक असामी असते: सिनेमा कळणारा. हा पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या तयारीला जातो आणि चार वर्षांनी पोस्ट न काढता, दाढी मात्र काढायची सोडून परततो. मधल्या काळात फेस्टिव्हलचा पास गळ्यात घालून त्याने देशोदेशीचे पिक्चर पाहिलेले असतात. गाव ‘पिक्चर’ म्हणतं, हा ‘कलाकृती’ म्हणतो. ‘सैराट’ त्याला खटकतो, त्याच नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ थोर वाटतो. कारण विचारलं तर फ्रेम, प्रकाश, अवकाश असं बरंच ऐकायला मिळतं. खरी अडचण अशी की ‘सैराट’ त्याच्या मावशीनेही पाहिलाय.

त्याचं सगळं सौंदर्यशास्त्र एका सूत्रावर उभं आहे: जितका कंटाळा, तितकी कला. त्यातलं शिखर म्हणजे हंगेरीच्या बेला टार यांचा ‘द ट्युरिन हॉर्स’ (2011). जवळपास अडीच तास, काळापांढरा, शॉट मोजून तीसेक. माळावरच्या घरात बाप-लेक रोज एकेक उकडलेला बटाटा हाताने सोलून खातात, बाहेर वारं घोंघावतं, घोडा चारा सोडतो, एक दिवस विहीर आटते. चहाच्या हॉटेलात बिस्किटांच्या बरणीला मोबाइल टेकवून हा ती विहीर दाखवतो आणि सांगतो, हे अस्तित्वाच्या पोकळीचं रूपक आहे. गावाला विहीर दिसते. बोअर का घेतला नाही, घोडं डॉक्टरला दाखवलं का, बटाट्यासोबत ठेचा कामून नाही, अशी चर्चा सुरू होते आणि हा कपाळावर हात मारून घेतो. माझ्या मते चुकतो तो हाच. विहीर आटल्यावर ते दोघं गाड्यावर बोचकी लादून निघतात आणि टेकडीपल्याडून तसेच परत येतात. दसरा झाला की बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघणाऱ्या जिल्ह्याला यावर भाष्य कशाला हवं? ‘परत कसे आले? उचल घेतली नव्हती का?’ हा प्रश्न कुठल्याही समीक्षेइतकाच नेमका आहे.

कुणी म्हणेल, पण लोक कंटाळतात हे तर खरं ना? सप्ताहात रात्रीच्या कीर्तनाला दोन-दोन तास मांडी घालून बसणारं गाव संथपणाला भीत नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) मुंबईत वर्षाहून जास्त चालला आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवातही नावाजला गेला. म्हणजे वारकरी आणि परीक्षक, दोघांनाही तो एकदमच कळला. जब्बार पटेलांचा ‘सामना’ बर्लिनच्या महोत्सवापर्यंत पोचला, पण त्यातला निळू फुल्यांचा हिंदूराव समजायला साखरपट्ट्यात कुणाला क्लास लावावा लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: हा नसता तर बेला टार हे नाव सिरसाळ्यात घेतलं कुणी असतं? हे मात्र मान्यच करावं लागतं. डेटा त्याचा जळतो, आणि चहाचे पैसेही बहुतेक वेळा तोच देतो. फक्त बटाटा सोलला जात असताना त्याने पिक्चर थांबवून समजावत बसू नये. त्यापायी अडीच तासांचं काम साडेचार तासांवर जातं, आणि कंटाळा येतो तो काही टार यांचा नसतो.