एकास पंचवीस

डेट्रॉइटच्या आसपासच्या मराठी माणसांची तळघरं साधारण सारखीच असतात. कोपऱ्यात मंडळाच्या गणपतीचं घडी घातलेलं मखर, भिंतीला टेकवलेला कॅरमबोर्ड, घाऊक भावात आणलेले पेपर टॉवेल आणि एक ट्रेडमिल, ज्यावर कपडे वाळत असतात. पण ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स या टापूत एखाद्या घराचा जिना उतरू लागलं की थिनरचा वास येतो. मग भट्टीपलीकडे, पांढऱ्याफटक दिव्याखाली, कपाळाला भिंग बांधलेला पन्नाशीपुढचा एक इंजिनिअर चिमट्यात काहीतरी धरून श्वास रोखून बसलेला दिसतो. त्याला हाक मारायची नसते. हाक मारली की ते ‘काहीतरी’ गालिच्यावर पडतं, आणि गालिच्यावर पडलेली वस्तू सापडल्याची नोंद या छंदाच्या इतिहासात नाही. अशा सगळ्या गृहस्थांना मिळून आपण किटकाका म्हणू.

किटकाका दिवसा मोटारीच्याच कंपनीत असतात. पण तिथे गेली कित्येक वर्षं त्यांच्याकडे सीटबेल्टच्या बकलचा एक भाग आहे. पुरती मोटार त्यांच्या वाट्याला कधी आलेलीच नाही. स्वतः चालवतात ती करड्या रंगाची, कुठल्याही पार्किंगमध्ये हरवून जाईल अशी गाडी. तिचं तेल बदलायलासुद्धा ते दुकानात जातात. “बॉनेटखाली काय बघायचं? सगळं प्लास्टिकने झाकलंय,” म्हणतात. आणि घरी येऊन रात्री एकपर्यंत जी गाडी करतात ती संपूर्ण प्लास्टिकची असते.

ही गाडी खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्शाची. खोक्यात पॉलिस्टायरिनचे शे-सव्वाशे तुकडे एकमेकांना जोडलेल्या दांड्यांवर लटकलेले येतात. ते कापायचे, कानशीने घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. सांगितल्याप्रमाणे केलं तर खोक्यावरच्या चित्रातली गाडी होते. सांगितल्याप्रमाणे करणाऱ्यांबद्दल किटकाकांचं मत फारसं चांगलं नाही. नव्या किटचं खोकं उघडताना ते सूचनांचा कागद आधी बाजूला काढतात आणि गाडीकडे न बघता विचारतात, “यातून उरणार काय?”

या माणसाची किल्ली इथे आहे. त्याचं गाडीवर प्रेम आहे असं आपण समजतो. त्याचं प्रेम उरलेल्यावर असतं. टेबलाखाली सुट्या भागांचे डबे असतात: चाकं, बंपर, कार्ब्युरेटर, स्टिअरिंग, कुठल्या तरी गाडीची डावीकडचीच आरशाची जोडी. मुळात मिरज-डोंबिवलीकडचे संस्कार. वडिलांचा खिळ्यामोळ्यांचा बिस्किटांचा डबा होता, त्यात टाकायचं काही नसे. मुलगा सातासमुद्रापार गेला, एम.एस. झाला, नागरिक झाला. डबा मात्र शपथेच्या वेळी सोडून द्यावा लागत नाही. शिळ्या पोळीला फोडणी दिली की ती ताज्या पोळीपेक्षा चवदार लागते, हे तत्त्व किटकाकांनी मोटारीला लावलं आहे. फरक इतकाच की फोडणीच्या पोळीसाठी कुणी मुद्दाम पोळ्या करून शिळ्या करत नाही. किटकाका करतात. चार चाकांसाठी तीस-पस्तीस डॉलरचं अख्खं किट आणतात आणि काकूंना सांगतात, “बाकीची गाडी फुकट पडली.”

आता हा रोग त्यांना मिशिगनमध्येच लागावा यात नवल नाही. रोगाचं उगमस्थान तेच. भारतातून आलेले पाहुणे नायगाराला कधी निघायचं असं विचारत असतात, तेव्हा किटकाका त्यांना गाडीत घालून ट्रॉयमधल्या औद्योगिक वसाहतीपाशी नेतात आणि काही न दाखवता सांगू लागतात: “इथे एएमटी होती.” १९४८मध्ये सुरू झालेली ही कंपनी. नावाचा अर्थ अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉइज, कारण पहिली छोटी फोर्ड अ‍ॅल्युमिनियमची होती. मग प्लास्टिक आलं. डीलरांकडे या गाड्या खऱ्या मोटारीच्या रंगांत ठेवलेल्या असत, बाप भाव करत असताना पोराच्या हातात द्यायला. जुन्या अ‍ॅसिटेटच्या गाड्या पुढे उन्हातल्या पापडासारख्या वाकल्या ते वेगळं. मग १९५८मध्ये एएमटीने ‘थ्री-इन-वन’ किट काढलं: एकाच खोक्यातून कारखान्यातून निघते तशी, सजवलेली किंवा शर्यतीची, हवी ती गाडी करा. किटांच्या इतर कंपन्यांतली जोहान डेट्रॉइटची, एमपीसी शेजारच्या माउंट क्लेमेन्सची. खऱ्या मोटारी आणि त्यांची पिल्लं, दोन्ही एकाच टापूत जन्मत होती.

पाहुणे मान डोलावतात. किटकाका मुद्द्यावर येतात. “थ्री-इन-वनमधून गाडी एकच होते ना? मग दोन गाड्यांचं सामान उरतंच. मुलांना उरवायला त्यांनीच शिकवलं!” इतक्या वर्षांच्या त्यांच्या सवयीला अखेर कंपनीचाच पाठिंबा सापडल्याचं समाधान चेहऱ्यावर दिसतं. पाहुण्यांतल्या आत्याबाई विचारतात, “धबधबा किती लांब आहे रे?”

वेगवेगळ्या किटांचे भाग एकत्र जोडण्याला किटकाकांच्या गोतावळ्यात ‘किटबॅशिंग’ म्हणतात. त्यांचा पहिला गाजलेला पराक्रम १९२९च्या मॉडेल ए फोर्डचा. तिची टपाविना बॉडी त्यांनी १९३२च्या फोर्डच्या चासीवर बसवली. हे मनचं नाही. अमेरिकेत खरोखरचे हौशी लोक दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासपासून भंगारातल्या फोर्ड घेऊन हेच करत आले, कारण १९३२च्या चासीच्या कडा दिसायला देखण्या आणि त्याच वर्षी फोर्डने सामान्य माणसाच्या गाडीत व्ही-एट इंजिन घातलं, ६५ अश्वशक्तीचं. म्हणजे खऱ्या गाड्याच मुळी उरलेल्या भागांच्या. किटकाका म्हणतात, “मी जोडलेल्या गाडीची प्रतिकृती जोडतोय. म्हणून माझी अस्सल आहे.” या वाक्यात कुठेतरी तर्कदोष आहे, पण तो बोट ठेवून दाखवेपर्यंत ते इंजिनकडे वळलेले असतात. इंजिन तिसऱ्या खोक्यातलं, ब्यूइकचं. बॉनेट बंद केल्यावर ते दिसत नाही. त्याच्या स्पार्क प्लगांना त्यांनी केसाहून जरा जाड तारा लावल्या आहेत आणि त्या फायरिंग ऑर्डरप्रमाणे लावल्या आहेत. कधीच न पेटणाऱ्या इंजिनाची फायरिंग ऑर्डर! सीटबेल्टच्या बकलमध्ये जे करायला मिळालं नाही ते इथे चाललं आहे, असं काकूंच्या एका मैत्रिणीने निदान केलं होतं. त्यानंतर त्या मैत्रिणीला तळघर दाखवत नाहीत.

या जोडकामात एक जुनं वैर मधे येतं, एकास चोवीस आणि एकास पंचवीसचं. मोनोग्राम कंपनीच्या पुष्कळ गाड्या चोवीसच्या, एएमटीच्या पंचवीसच्या. चोवीसचा हिशेब सरळ, एका फुटाला अर्धा इंच. पण १९३२च्या फोर्डच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १०६ इंच. पंचवीसने भागलं तर प्रतिकृतीत ते सुमारे १०८ मिलिमीटर येतं, चोवीसने भागलं तर ११२. फरक चार-साडेचार मिलिमीटरचा, चाळीस माणसांत कुणाला दिसणार नाही इतका. किटकाकांना जेवताना दिसतो. डिजिटल कॅलिपर खिशात असतोच. एकदा हळदीकुंकवाला आलेल्या बाईंच्या मुलाने दोन्ही मापांच्या गाड्या शेजारी लावून खेळायला घेतल्या तेव्हा काकांनी मुलाच्या हातून गाडी काढून घेतली नाही, फक्त म्हणाले, “बाळा, हिला तिच्या मापाच्यांत ठेव.”

बाकी त्यांचा व्यवहार कारागिराचा, पण शब्द सगळे कुडाळकर गॅरेजवाल्याचे. ‘पुट्टी’ म्हणायचं नाही, लांबी. “आज लांबी भरली, उद्या पॉलिश पेपर.” भारतातून येणाऱ्याला लोक बाकरवडी आणायला सांगतात, हे एम-सील मागवतात. किटमधल्या क्रोमच्या भागांचं क्रोम त्यांना खोटं वाटतं, म्हणून कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये बुडवून ते काढतात, आणि मग दोन संध्याकाळी खर्चून त्याच भागांना पुन्हा क्रोमसारखं चमकवतात. आरशासारखी लकाकी यावी म्हणून रंगावर बारीक, अधिक बारीक अशा पेपरांची चढती पायरी चालते. जुन्या किटांचे मऊ टायर वर्षानुवर्षं चाकांना लागून राहिले की प्लास्टिक खातात. दहा वर्षांनी खोकं उघडलं तर टायरने चाक गिळलेलं असतं. अशा वेळी ते कुणाशी बोलत नाहीत. काकू त्या दिवशी आमटीत गूळ जरा जास्त घालतात.

खरी अडचण रंगाची. भट्टीजवळ फवारा मारता येत नाही, घर पेटेल. गॅरेजमध्ये मारावा तर मिशिगनच्या हिवाळ्यात डब्यातला रंगच थिजतो. म्हणून जोडणी हिवाळ्यात, रंग उन्हाळ्यात. आणि उन्हाळ्यात हिरवळ कापायची, अंगणात वांग्याची रोपं, शिवाय सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या सासूबाई, ज्यांना लॅकरच्या वासाने मळमळतं. त्यातून एक दिवस किटकाकांना शोध लागला की रंग लवकर आणि सपाट वाळवायला खाद्यपदार्थ वाळवण्याचं यंत्र उत्तम, मंद आचेवर, चाळीसेक अंशांवर. हा शोध छंदातल्या मंडळींना पूर्वीच लागलेला आहे. यंत्र काकूंचं होतं. इथे ऊन बेभरवशाचं म्हणून सांडग्यांसाठी घेतलेलं. चार दिवसांनी त्यांनी झाकण उघडलं तर मधल्या जाळीवर लाल भडक रोडस्टर निवांत झोपलेली. काकू काही बोलल्या नाहीत. वरच्या जाळीवर मिरच्या पसरून त्यांनी झाकण लावून टाकलं. त्या रंगाला, किटकाका सांगतात, अजून जरा ठसका आहे.

ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, १९९५पासून. लोक तिथे गाड्या बघायला जातात, किटकाका त्यांच्या खाली जायला. मेजरिंग टेप, मोबाइल आणि एक जुनी चटई. मालकाशी अदबीने बोलून ते रस्त्यावर आडवे होतात आणि ब्रेकच्या नळीचा फोटो काढतात. मालकांना आधी संशय येतो, मग अभिमान वाटतो.

तर मागच्या दोन हिवाळ्यांपासून त्यांचं बिनसलं आहे ते एका टॅक्सीमुळे. मुंबईत एकेकाळी प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जुळवलेल्या अमेरिकन गाड्या धावत. त्यांतली डॉज किंग्सवे. किटकाका लहानपणी आजोबांबरोबर दादरहून तिच्यात बसले होते म्हणे. गाडीचा किस्सा असा की ती मुळातच जोडकाम होती: देशाबाहेरच्या बाजारांसाठी क्रायस्लर प्लिमथच्या बॉडीला डॉजचं तोंड लावून हे नाव द्यायची. अमेरिकेतले शौकीन तिला थट्टेने ‘प्लॉज’ म्हणतात. हे वाचलं त्या रात्री किटकाका झोपले नाहीत. प्रत्यक्ष क्रायस्लरने, हायलंड पार्कच्या आपल्या मुख्य कचेरीत बसून, उरलेलं वापरलं होतं!

पण किटवाल्यांना चार दारांच्या कुटुंबवत्सल गाड्यांचं आकर्षण कमी. बहुतेक किटं दोन दारांच्या झोकदार गाड्यांची. टॅक्सीला चार दारं लागतात. दोन अधिक दोन चार, असा सरळ हिशेब करून किटकाकांनी एएमटीच्या १९५१च्या शेवर्लेची दोन खोकी आणली आणि दोन्ही बॉडी मधोमध कापल्या. शेवर्ले! म्हणजे जनरल मोटर्सची गाडी कापून क्रायस्लरची करायची! त्यांचे गोरे मित्र, क्रायस्लरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा, हे ऐकून पायरीवरच थांबले आणि खाली उतरलेच नाहीत. या शहरात धर्मांतर सोपं नाही. तोंडाची जाळी मिळेना म्हणून त्यांनी ती प्लास्टिकच्या पट्ट्यांतून स्वतः घडवली, तिच्यासाठी नवीन कानस आली. टपाचा पिवळा रंग तीन वेळा चढवला, तीन वेळा खरवडला. मुंबईच्या टॅक्सीचा पिवळा कुणालाच नेमका आठवत नाही आणि तरी प्रत्येकाला हा तो नव्हे हे माहीत असतं.

मागे मॉडेलच्या एका प्रदर्शनात अर्धवट बॉडी घेऊन गेले, तर तिथल्या परीक्षकांना वर्ग ठरवता येईना. कारखान्याची? सजवलेली? व्यापारी वाहन? एकाने टॉर्च मारून खाली बघितलं आणि विचारलं, “चासी कुणाची?” किटकाकांनी तीन नावं सांगितली. परीक्षकाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

आता उरला आहे मीटर. डाव्या मडगार्डवरचा, पालथा करायच्या पत्र्याचा. पंचविसाव्या मापात तो नखाएवढा. त्यासाठी त्यांनी पेट्रोल पंपाच्या देखाव्याचा एक संच मागवला आहे. त्यातल्या पंपाच्या वरच्या भागातून मीटर निघेल असा त्यांचा होरा आहे. खोकं दारात पडलं तेव्हा काकू चहाचा कप घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या.

“अहो, या एका टॅक्सीचे आतापर्यंत सगळे मिळून झाले तरी किती?”

किटकाकांनी भिंग कपाळावर सरकवलं. “मीटरच अजून लागला नाही,” ते म्हणाले, “भाडं कुठून सांगू?”