घामोळ्यांचं सल्लागार मंडळ

नागपुरात मे महिन्यात ‘कसे आहात?’ असं कोणी विचारत नाही. ‘काय तपून राहिलं जी!’ म्हणतात. त्यावर ‘हो ना बाप्पा’ एवढं उत्तर दिलं की ख्यालीखुशाली आटोपते आणि सल्ला सुरू होतो. मी इथेच जन्मलो, इथेच वाळलो. त्यामुळे सल्ला घेणं आणि देणं दोन्ही रक्तातच आहे. तरीपण पाठीवर घामोळ्या आल्याची गोष्ट धरमपेठेतल्या पानठेल्यावर मोठ्या आवाजात बोलायला नको होती.

मुळात नागपूरकराला घामोळ्या येणं हेच जरा कमीपणाचं. आमचा उन्हाळा कोरडा. घाम येतो आणि दिसायच्या आत उडून जातो. अंगातलं पाणी किती गेलं ते कळतही नाही, म्हणून तर इथे माणसाला ऊन लागतं. घाम अंगावर साचून चिकचिक होणं हे मुंबईकरांचं दुखणं. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला, त्या दिवशी मी भरदुपारी स्कूटरवर इतवारीत जाऊन आलो, असं मी बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगत असतो. (त्या दिवशी मी कूलरपुढे पालथा पडलो होतो, पण पाहुण्यांना काय करायचंय?) मे २०२४ च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले, तेव्हा तर आमची छाती फुगली होती. पुढे हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं जाहीर केलं आणि आमच्या गल्लीत सुतक आलं. अशा शहरात भर उन्हाळ्यात पाठ खाजवत फिरायचं म्हणजे काय!

या घामोळ्यांचा उगमही एका सल्ल्यातच होता. शेजारचे भाऊसाहेब एका संध्याकाळी कूलर बघायला आले. नागपुरात लोक नवीन बाळ बघायला जातात तसे एकमेकांचे कूलर बघायला जातात. त्यांनी ताट्यांना हात लावला, वाळ्याचा वास घेतला, टाकीत डोकावले आणि म्हणाले, ‘कूलर झकास आहे, पण तुम्ही खिडक्या काऊन उघड्या ठेवून राहिले? सारा थंडावा बाहेर पळते ना.’ मला पटलं. एवढी बादल्या-बादल्या पाण्याची थंडाई गल्लीला फुकट का वाटायची? मी दारं लावली, खिडक्या लावल्या, फटींत जुनी वर्तमानपत्रं कोंबली.

कूलरचं शास्त्र असं की बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून येते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्ची पडते आणि हवा गार होते. पण ही ओली हवा दुसऱ्या बाजूने बाहेर गेली तरच. वाट बंद केली की खोलीतली वाफ वाढत जाते आणि अंगावरचा घाम सुकायचं नाव घेत नाही. पहिला पाऊस पडल्यावर हाच कूलर कुचकामी होतो तो त्यामुळेच. हे सारं मी शाळेत शिकलोय. पण भाऊसाहेब इतक्या खात्रीने बोलतात की त्यांच्यापुढे शाळा टिकत नाही. आठवडाभरात माझ्या झोपायच्या खोलीत कोकण अवतरलं आणि पाठीवर त्याचं पीक आलं.

तर पानठेला. खर्रा घोटता घोटता ठेलेवाला म्हणाला, ‘पावडर मारा ना भाऊ, दाबून.’ बाजूला उभा असलेला एक अनोळखी गृहस्थ लगेच म्हणाला, ‘पावडरनं काही होत नाही जी. मुलतानी माती थापा. राहू द्या तशीच.’ तिसऱ्याने बनियन काढायला सांगितलं, चौथ्याने बनियन काढूच नका म्हणून बजावलं, कारण ते घाम टिपतं. मला कोणाचंही मन मोडवत नाही. शिवाय सल्ला नाकारला की उद्या तोच माणूस ‘सांगतलं होतं ना मी’ म्हणायला मोकळा. म्हणून मी मधला मार्ग काढला: आधी पावडर, तिच्यावर माती, मातीवर बनियन, वरून सुती सदरा.

ओली मुलतानी माती पाठीला फार बरी वाटते, हे मान्य. पण स्कूटरवरून ऑफिसात पोचेपर्यंत ती वाळते, आकसते आणि तिला भेगा पडतात. खुर्चीत टेकलो की पाठीमागे करकर आवाज यायचा. दुपारपर्यंत खुर्चीभोवती पिवळट चुऱ्याचं एक वर्तुळ तयार झालं. झाडणाऱ्या बाईंनी ते बराच वेळ बघितलं, मग छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. संध्याकाळी माझ्या टेबलावरच्या छताला गिलावा करून घ्यावा अशी एक टिपणी साहेबांपर्यंत गेल्याचं कळलं. ती मीच पुढे पाठवून दिली. खरं सांगण्यापेक्षा गिलावा सोपा होता.

घरी सासूबाई आल्या होत्या. त्यांचं निदान वेगळंच: घामोळ्या पाठीवर असल्या तरी उष्णता तळपायात असते. त्यांनी ट्रंकेतून काशाची वाटी काढली, तळपायाला तूप लावलं आणि वाटीच्या बुडाने घासायला सुरुवात केली. दहाएक मिनिटांत तळवे काळेकुळकुळीत. ‘बघा, किती उष्णता निघाली!’ पुतणी रसायनशास्त्र शिकते. ती म्हणाली, काशात तांबं असतं, तूप आणि घर्षण मिळालं की ते काळं पडणारच, कोणाचेही पाय घासा. तिला स्वयंपाकघरात कैऱ्या उकडायला पाठवण्यात आलं. मला मात्र झोप फार छान लागली. त्या वाटीबद्दल मी वाईट बोलणार नाही. वाईट झालं ते मध्यरात्री. पाणी प्यायला उठलो तेव्हा तळव्यांचं तूप मी विसरलो होतो आणि घरातल्या घोटीव कोटा फरशीला ते आवडलं. माठापर्यंत मी चालत गेलोच नाही, बसूनच पोचलो. वाटेत वर्तमानपत्रं कोंबलेली खिडकी लागली, तिला धरायला गेलो आणि ती उघडली. त्या रात्री खोली पहिल्यांदा गार झाली, पण श्रेय वाटीलाच गेलं.

एवढ्यावर थांबलो असतो. पण नवतपा लागला. साधारण २५ मेला सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तिथून पुढचे नऊ दिवस नागपूरकर एकमेकांकडे युद्धावर निघालेल्या माणसासारखं बघतात. आणि नेमकं त्यातच वर्धा रोडवरच्या एका लॉनवर भाचीचं लग्न. नवतप्यात लग्न कोण काढतं, असं विचारू नये; मुहूर्त काढणारे गुरुजी एसीत बसतात. निघताना मावशीने कांदा हातात दिला. ‘खिशात ठेव. ऊन बाधत नाही.’ कांदा अंगातली उष्णता ओढून घेतो असं मानतात. तो खिशात बसून काय ओढणार, हे मला आजवर कोणी पटेल असं सांगितलेलं नाही. कांदा खाल्ला तर गोष्ट निराळी, पोटात निदान पाणी तरी जातं. २०१६ पासून महापालिका उष्माघाताविरुद्ध आराखडा राबवते, त्यातही पाणी प्या, सावलीत राहा, दुपारी बाहेर पडू नका हेच असतं. पण मावशीपुढे महापालिका कोण?

बरं, ठेवला असता अख्खा कांदा तर निभावलं असतं. दारातच साडूभाऊ भेटले. ‘अख्खा ठेवला? अहो, त्याचा काय उपयोग? चिरून ठेवा लागते.’ त्यांनी स्वतः चिरून दिला. नव्याकोऱ्या पांढऱ्या झब्ब्याच्या डाव्या खिशात अर्धा कांदा, आणि त्याच खिशात आहेराचं पाकीट.

स्टेजवर रांगेतून पुढे सरकायला बराच वेळ लागला. तोवर कांद्याने आपलं काम केलं. मी पाकीट काढून भाचीच्या हातात दिलं, डोक्यावर हात ठेवला, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नवरदेवाने एक पाऊल मागे घेतलं. फोटोग्राफर ओरडला, ‘मामा, तिथंच थांबा, हलू नका, लई भारी येऊन राहिलं!’ खालून विहिणी रुमाल काढू लागल्या. मामावर किती जीव होता पोरीचा, असं आमच्या घराण्यात अजून बोललं जातं. अल्बममध्ये तो फोटो पानभर आहे. माझ्या झब्ब्यावरचा ओला डागही त्यात स्पष्ट दिसतो. त्याचा अर्थ लोकांनी काय लावला असेल, याचा मी विचार करत नाही.

शेवटी बायकोने धंतोलीतल्या एका त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलं. डॉक्टरांनी पाठ बघितली, वास घेतला आणि विचारलं, ‘कांदा?’ मी सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, ‘घामाच्या ग्रंथींची तोंडं बुजली की घामोळ्या येतात. तुम्ही त्यावर पावडर आणि माती लिंपून राहिले होते. सगळं बंद. गार पाण्याने अंघोळ, सैल सुती कपडे, मोकळी हवा. हे लोशन लावा, नाही लावलं तरी चालेल.’ इतका कंजूष सल्ला मी नागपुरात कधी ऐकला नव्हता. फी देताना फसवलं गेल्यासारखं वाटलं.

आम्ही उठलो. दाराशी पोचलो तोच डॉक्टरांनी हाक मारली. ‘एक मिनिट. तुम्ही कूलरचं बोलत होते ना. माझ्या घरच्या कूलरला कुबट वास येऊन राहिला. तुम्ही ताट्या कोणत्या लावता, वाळ्याच्या की लाकडाच्या भुश्शाच्या?’

मी परत खुर्चीत बसलो. बायकोने डोळे मिटून घेतले. टाकी दर आठवड्याला रिकामी करून वाळवायची, नाही तर वास तर येतोच, डेंग्यूचे डासही होतात. ताट्या उन्हात टाकायच्या. आणि समोरची खिडकी उघडी ठेवायची म्हणजे ठेवायचीच, हे मी त्यांना कागदावर आकृती काढून समजावलं. बाहेर खोळंबलेले एक आजोबा आत डोकावून म्हणाले, ‘खिडकी बंद ठेवा जी, सारा थंडावा पळते.’ त्यांच्यामागून रिसेप्शनवरची मुलगी आली. ‘सर, पाण्यात कडुनिंबाचा पाला टाका ना. आमच्याकडं टाकतो.’

‘किती टाकायचा?’ डॉक्टरांनी पॅड पुढे ओढलं.