फ्रीबोर्ड

बोटीवरच्या शेवटच्या सकाळी नाश्त्याच्या टेबलावर एक छापील कागद आला. 'आमच्या डेकची रचना आपल्याला कशी वाटली?' एवढाच प्रश्न आणि खाली पाच चांदण्या. शेजारच्या सुरतच्या कुटुंबाने बसल्या बसल्या पाचही रंगवल्या आणि कागद जॅमच्या बशीखाली सरकवला. आमच्या अण्णांनी चष्मा पुसला, पेन झटकलं आणि वाढप्याला विचारलं, "पुरवणी मिळेल का?"

अण्णा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर म्हणून लागले आणि बहुतेक नोकरी जायकवाडीवर काढली. १९६५ साली शास्त्रीजी धरणाच्या पायाभरणीला आले तेव्हा ते शाळेत होते. १९७६ ला इंदिराबाई उद्घाटनाला आल्या तेव्हा मांडवामागे दोरी धरून उभे होते. पाण्याकाठी माणसाने केलेली एकच गोष्ट धड झाली आहे, ती पैठणला आहे आणि तिला २७ दरवाजे आहेत, असं त्यांचं प्रांजळ मत. अशा माणसाला मी समुद्रावर नेलं. चूक माझीच.

खरं तर संभाजीनगरच्या माणसाने जहाजाच्या डेकवर बोलूच नये. समुद्र आमच्यापासून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटर. नळाला ठरल्या दिवशी पाणी आलं तर आम्ही एकमेकांना फोन करून कळवतो. पण डेक म्हणजे शेवटी गच्ची, आणि गच्चीच्या बाबतीत आमचा हात कोण धरेल? उन्हाळ्यात आम्ही झोपतो गच्चीवर, कुरडया घालतो गच्चीवर, भाऊबंदकीची बोलणी करतो गच्चीवर, आणि रात्री टाकीत वाकून, मोबाइलच्या उजेडात, उद्याची आंघोळ होईल की नाही तेही पाहतो गच्चीवरच. शिवाय परंपरा आहे. वेरूळचं कैलास लेणं आठव्या शतकात वरून खाली कोरत आणलं. आधी शिखर, मग गच्ची, मग घर आणि सगळ्यात शेवटी अंगण. ज्या जिल्ह्यात गच्चीपासून बांधकामाला सुरुवात झाली, त्या जिल्ह्याला या विषयावर दोन शब्द बोलायचा हक्क असावा.

२०१८ साली मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली, तेव्हाच सासूबाईंनी पेपरातलं कात्रण फ्रीजवर चिकटवलं होतं. पण एकदा पुतणीचं लग्न निघालं, एकदा अण्णांचा मोतीबिंदू, मग करोना. कात्रण पिवळं पडलं. शेवटी आम्ही गेलो ते दुसऱ्याच बोटीने, दोन रात्री, मुंबई-गोवा-मुंबई. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या बिचाऱ्यांनी आमचं काही वाकडं केलेलं नाही, आणि अण्णांची पुरवणी त्यांना पोचलेली आहे, तेवढं पुरे. बोट नवी होती का? आमच्यासाठी नवीकोरी.

रात्री देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसलो, सकाळी सीएसएमटीला उतरलो, तिथून बॅलार्ड पिअर. बोट पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आडवी पाडलेली बिल्डिंग आहे."

पहिली पंचाईत मजल्यांची. आम्ही चढलो तो म्हणे तिसरा मजला. त्याच्या खालचे मजले पाण्यात.

"दारातून आत आलं की तो तळमजला. तिसरा कसा म्हणायचा?" सासूबाई लिफ्टसमोर अडून बसल्या.

"अगं, वेरूळचं अकरावं लेणं आठव," अण्णा म्हणाले. "लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याला 'दोन ताल' म्हणत आले. १८७६ साली खालचा गाळ उपसला तर खाली अजून एक मजला निघाला! नाव अजूनही दोन तालच आहे. मोजणी गाळापासून करायची की पायापासून, हा प्रश्न जुनाच आहे."

लिफ्टमन हे ऐकून इतका गांगरला की त्याने आम्हाला थेट सगळ्यात वर सोडलं.

खोल्यांची विभागणी अशी होती: अण्णा-आईंना सज्जाची खोली, आम्हाला आतली. आतली म्हणजे खिडकी नसलेली. दार एक, पलंग दोन, उजेड बटणाचा. बायको दोन मिनिटं गप्प उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, हा विहार आहे." खरंच होतं. अजिंठ्याला भिक्षूंच्या कोठड्या अशाच, एक दार आणि आत दगडी ओटा. पावसाळ्याचे महिने ते तिथे काढायचे. फरक इतकाच, की भिक्षूंना जीएसटी नव्हता.

सज्जाची खोली घेताना मी हुशारी केली होती. बोट दक्षिणेला जाणार, म्हणजे किनारा डाव्या हाताला. म्हणून डावीकडची खोली. अण्णांना कोकण दिसावं हा हेतू. पण बोट निघते संध्याकाळी आणि चालते किनाऱ्यापासून लांब. त्यामुळे कोकणाच्या नावाखाली अण्णांनी रात्रभर अंधार पाहिला, मधूनच एखादा दिवा. सूर्यास्त उजव्या बाजूला. सहा वाजता अख्खी बोट उजवीकडे लोटली. "एवढे लोक एका बाजूला? तोल कोण पाहतंय?" असं विचारत अण्णा एकटे डावीकडच्या कठड्याला टेकून उभे राहिले. बोट उलटली नाही याचं थोडंफार श्रेय ते आजही स्वतःकडे घेतात.

मुख्य डेकवर निळ्या आरामखुर्च्यांच्या रांगा होत्या आणि सकाळी सात वाजता प्रत्येक खुर्चीवर एकेक पांढरा टॉवेल. माणूस एकही नाही. यावर जगभरचे प्रवासी भांडतात, असं माझा मेहुणा सांगतो. तो न्यू जर्सीला असतो आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या बोटीवर असतो. आम्हाला मात्र यात भांडण्यासारखं काही दिसेना. सिडको बसस्टँडवर गाडी लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकणाऱ्यांच्या पिढीतले आम्ही. रुमाल हा आमच्याकडे करारनामा असतो. सासूबाईंनी दोन टॉवेल सरळ उचलून घडी घातली, बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "रुमाल टाकला तर टाकणारा निदान गाडीत चढायच्या धडपडीत असतो. हे लोक झोपलेत." न्यायनिवाडा झाला. अर्ध्या तासाने टॉवेलचा मालक आला, आईंकडे पाहिलं आणि समुद्र बघत पुढे निघून गेला.

त्याच डेकवर चालायचा ट्रॅक होता. जमिनीवर बाण काढले होते, घड्याळाच्या उलट्या दिशेने. मध्यभागी बोटीचं धुराडं. आता मधोमध काहीतरी उंच उभं असलं आणि भोवती वाट असली की आपले लोक काय करणार? पहाटे पाचपासून ज्येष्ठ मंडळी बाण तुडवत उलटी, म्हणजे आपल्या हिशेबाने सुलटी चालत होती. धुराडं उजव्या हाताला. एका आजींनी सवयीने हातही जोडले. बोटीवरचा तरुण कर्मचारी दोन दिवस "अदर साइड प्लीज" म्हणत होता. तिसऱ्या दिवशी तोही सुलटा चालायला लागला.

कठड्याला लटकवलेल्या जीवरक्षक होड्यांमुळे दृश्य अडतं, अशी एका पुणेकरांची तक्रार होती. अण्णांनी त्यांना बाजूला घेतलं. टायटॅनिकवर वीस होड्या होत्या, त्यांत जागा ११७८ जणांची, आणि बोटीवर माणसं बावीसशेच्या वर, हे सगळं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. शेवटी म्हणाले, "दृश्य अडू द्या." पुणेकर नंतर त्या होडीखालीच खुर्ची टाकून बसले.

पण अण्णांचं खरं लक्ष पोहण्याच्या तलावावर होतं. तलाव डेकच्या मध्यावर. दुपारी बोट जराशी हलायला लागली, तसं तलावातलं पाणी या काठावरून त्या काठावर जायला लागलं, आणि तिसऱ्या हेलकाव्याला थेट एका वधूवराच्या प्लेटमधल्या पास्त्यावर आलं.

"फ्रीबोर्ड कमी पडलाय," अण्णा म्हणाले.

धरणात पाण्याच्या पातळीपासून भिंतीच्या माथ्यापर्यंत जी उंची मोकळी सोडतात ती फ्रीबोर्ड. लाटेने, वाऱ्याने पाणी उसळलं तरी भिंतीवरून जाऊ नये म्हणून. गंमत म्हणजे जहाजालाही हाच शब्द, पाण्याच्या रेषेपासून डेकपर्यंतची उंची. जहाज किती भरायचं, याची खूण बाहेरून रंगवायची सक्ती ब्रिटिश पार्लमेंटने केली ती सॅम्युएल प्लिमसोल या खासदाराच्या हट्टापायी, १८७६ साली. साल ऐकून अण्णा उठून बसले. दोन तालचा गाळ त्याच वर्षी निघालेला, आणि बरोबर शंभर वर्षांनी जायकवाडी. योगायोगावर त्यांचा विश्वास नाही. पण त्या दिवशी ते थोडे डळमळले. बोटही डळमळत होती.

तेवढ्यात मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. तो मायामीहून 'आयकॉन ऑफ द सीज'वर चढलेला. वीस डेक, सात तलाव, सहा घसरगुंड्या.

"सात?" अण्णांचा आवाज बदलला. "रोज भरतात?"

"अण्णा, ते समुद्रावर आहे."

"समुद्र खारट असतो. प्यायला काय?"

हा प्रश्न त्यांनी मग आमच्या बोटीवरच्या एका इंजिनिअरला गाठून विचारला. तो म्हणाला, जहाजं समुद्राचंच पाणी गोडं करून घेतात. काही ठिकाणी उकळून वाफेचं पाणी करतात, काही ठिकाणी दाबाने पडद्यातून गाळतात. आणि नळाला चोवीस तास पाणी असतं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. चारही बाजूंना खारं पाणी आणि नळ चोवीस तास. आमच्याकडे पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीचा नाथसागर भरलेला आणि नळ आठवड्याने. हा हिशेब ते मनात करत असावेत. संध्याकाळी त्यांनी खोलीतला नळ सोडून तो किती वेळ चालतो हे घड्याळ लावून पाहिलं. दोन मिनिटांनी त्यांनाच राहवलं नाही आणि बंद केला. सवय.

डेकवरचा शेवटचा वाद डोंबिवलीचे एक मालवणी आजोबा आणि अण्णा यांच्यात झाला. आजोबांनी लहानपणी कोकणच्या आगबोटीने प्रवास केलेला. डेकचं तिकीट, वळकटी पसरली की तेवढी जागा आपली, शेजारी कोंबड्या, फणस, कुणाचं रडणारं पोर. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड. बंदर आलं की बोट बाहेरच थांबायची आणि उतारू पडावात उड्या मारायचे. जुने खलाशी डेकला तुतक म्हणत, हेही त्यांनीच सांगितलं. मग त्यांनी आरामखुर्च्यांकडे हात केला. "ह्येका डेक म्हणतत?"

"बरोबर," अण्णा म्हणाले. "आडवं व्हायला मोकळी जमीनच ठेवली नाही."

"जमीन न्हय. समुद्र. समुद्राकडे पाठ करून सगळे तलावाकडे बघतत."

हे ऐकून मी वळून पाहिलं. खरंच, शे-दीडशे खुर्च्या, सगळ्या आत तोंड करून. जगातलं एवढं पाणी पाठीमागे आणि सगळे टाकीकडे बघत बसलेले. संभाजीनगर सोडून इतक्या लांब आल्यासारखं मला क्षणभर वाटेचना.

पुरवणी दोन पानं झाली. तलावाचा फ्रीबोर्ड वाढवावा. बाण सुलटे करावेत. एक कोपरा खुर्च्यांविना, चटईपुरता मोकळा सोडावा. कुरडयांसाठी वारा जास्त आहे, ही सूचना सासूबाईंची. गोड्या पाण्याच्या साठ्याची टाकी प्रवाशांना दिसेल अशी ठेवावी, न दिसल्यास काळजी वाटते. चांदण्या अण्णांनी रंगवल्या नाहीत. "अजून तपासणी पूर्ण नाही," असं लिहून खाली सही केली, तारीख टाकली.

तपासणी पूर्ण झाली ती महिन्याभराने, आणि कुठे, तर अजिंठ्याला. पाहुणे आले होते, म्हणून गेलो. दुसऱ्या लेण्यात, अंधारात, एका भिंतीवर पूर्णाच्या कथेतलं जहाज रंगवलेलं आहे. तीन डोलकाठ्या, शिडं, नाळेवर काढलेला डोळा. चित्र फिकं झालंय, नीट पाहायला डोळे सरावावे लागतात. आणि जहाजाच्या मागच्या भागात, आडोशाखाली, ओळीने रचून ठेवलेले रांजण.

अण्णा त्या रांजणांसमोर इतका वेळ उभे राहिले की पहारेकऱ्याने पुढे सरकायला सांगितलं. बाहेर आल्यावर त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पाहुण्यांच्या तिकिटाच्या मागे पाच चांदण्या काढून पाचही रंगवल्या.