रिकाम्या गाडीची परीक्षा

वाहनांची कसून चाचणी घेणारी संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही संस्था अहिल्यानगरजवळच आहे. त्याच जिल्ह्यात ऊस वाहून म्हातारा झालेला ट्रकही पीयूसीला बसतो. उभ्या-उभ्या आणि रिकाम्या पोटी! न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा, धुराची घनता मोजायची. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला २.४५ पर्यंत माफ. नोझल, एअर फिल्टर बदलून येणारा मालक भाबडा. शहाणा तेवढ्यापुरता इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप कमी करून घेतो आणि दाखला खिशात पडला की पुन्हा वाढवतो. (कमी पंपावर भरला ट्रक चढ कसा चढणार, हे त्याचंही खरंच.) दाखला सहा महिने टिकतो, स्वच्छ धूर गॅरेजपर्यंत. कायद्यात प्रदूषणाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण रस्त्यावर अडवणाराही आधी दाखलाच मागतो.