वाढत्या कंपनीचा सातबारा

पुण्यात नवी कंपनी काढणाऱ्या प्रत्येकाला इन्फोसिसची गोष्ट तोंडपाठ असते. १९८१ साल, पुण्यातलं घर, सुधा मूर्तींनी बाजूला ठेवलेले १०,००० रुपये आणि मग पुढचं सगळं. आमच्या संस्थापकानेही मला मुलाखतीत ती डोळे मिटून सांगितली. आमच्याकडे फरक एवढाच होता, की घर वाघोलीत होतं, ते त्याच्या सासूबाईंच्या नावावर होतं, आणि दहा हजार रुपये होते ते सोसायटीच्या थकलेल्या मेंटेनन्सचे.

केसनंद फाट्याच्या आत एक टू बीएचके. बेडरूममध्ये इंजिनिअरिंग, हॉलमध्ये सेल्स आणि स्वयंपाकघरात ओट्याखाली, कांदे-बटाट्यांच्या जाळीच्या जागी, सर्व्हर. ग्राहकांशी बोलताना त्याला 'आमचं डेटा सेंटर' म्हणायचं असा दंडक होता. मोबाइलला रेंज फक्त बाल्कनीत यायची, म्हणून बाल्कनी ही कॉन्फरन्स रूम. ती नेमकी दगडखाणींच्या बाजूला. दुपारपर्यंत क्रशरची एवढी धूळ साचायची, की नव्या माणसाला बसायची जागा दाखवायची असेल तर टेबलावर बोटाने त्याचं नाव लिहून द्यायचो. पाटी करण्याचा खर्च वाचला.

माणसं मूठभर, पण पदं घसघशीत. निम्म्याहून अधिक लोक कशाचे ना कशाचे 'हेड' होते. ज्याच्या हाताखाली कुणीच नाही त्याला हेड म्हणायचं, असा काहीतरी नियम असावा. मी हेड ऑफ क्वालिटी होतो. अमेरिकेतल्या ग्राहकाने बग दाखवला की मी गंभीर आवाजात "टीमशी बोलून सांगतो" म्हणायचो, बाल्कनीतून आत यायचो, माठातलं पाणी प्यायचो आणि परत जाऊन "टीमचं म्हणणं असं आहे..." अशी सुरुवात करायचो. त्या टीममध्ये कधी मतभेद झाले नाहीत.

रोज सकाळी स्टँडअप. सगळ्यांनी उभं राहून बोलायचं, म्हणजे पंधरा मिनिटांत आटपतं, अशी त्यामागची समजूत. ज्याने ही पद्धत काढली तो वाघोली–मनपा बसने कधी गेला नसणार. पुणेकर उभ्याने, एका हाताने दांडी धरून, अनोळखी माणसाला थोरल्या मेव्हण्याच्या घटस्फोटापासून धाकट्याच्या फ्लॅटच्या ताब्यापर्यंत सगळं सांगू शकतो. आमचं स्टँडअप तासभर चालायचं. थांबायचं ते खाली टँकर रिव्हर्स घेताना वाजणाऱ्या सुरावटीने. ती ऐकू आली, की हेड ऑफ प्रॉडक्ट धावत जाऊन मोटर चालू करायचा. बाकी काही असो, त्या कामाची जबाबदारी निःसंदिग्ध होती.

खरी कंपनी चालवायच्या त्या मावशी. चहा, पोहे, कुरिअरची सही, सोसायटीच्या सेक्रेटरीला "पाहुणे आल्यात" असं रोज नव्याने सांगणं, सगळं त्यांच्याकडे. संस्थापक बंगळुरूचा. त्याने रिलीजचा वार ठरवला गुरुवार. गुरुवार हा महावितरणचा दुरुस्तीचा वार, हे पुण्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच्या स्लाइडवर गुरुवार फार शोभून दिसत होता. पहिल्याच गुरुवारी वीज गेली, आम्ही इन्व्हर्टरवर तग धरून होतो, रिलीज निम्म्यावर आलं होतं, आणि मावशींनी खिचडीसाठी शेंगदाण्याचं कूट करायला मिक्सर लावला. डेटा सेंटर गेलं. ग्राहकाला पाठवलेल्या खुलाशात कारण लिहिलं होतं, 'अनपेक्षित लोड'. ते अक्षरशः खरं होतं. खिचडीही चांगली झाली होती.

जेवणानंतर आम्ही वाघेश्वराच्या देवळापर्यंत पाय मोकळे करायला जायचो. तिथंच पिलाजीराव जाधवरावांची समाधी आहे; पहिल्या बाजीरावांबरोबर उत्तरेच्या मोहिमा केलेले हे सरदार १७५१मध्ये वारले. संस्थापक तिथं भारावून उभा राहायचा. "स्केल बघा यांचा! वाघोलीतून निघायचं आणि थेट उत्तरेत!" त्यावर आमचा हेड ऑफ सेल्स एकदा म्हणाला, "सर, तेव्हा खराडी बायपासला सिग्नल नव्हता."

त्यालाच उत्तरं द्यायची घाई असायची, कारण विकायचं काम त्याचं. अजून न झालेली गोष्ट तो झाली म्हणून विकायचा, मग आम्ही रात्रभर बसून ती झालेली करायचो. मला यात आधी काहीतरी गैर वाटायचं. पण खिडकीतून वाघोली दिसत होती ना! इथं आधी बारा मजले उभे राहतात, मग त्यात माणसं राहायला येतात, मग माणसांना आठवतं की पाणी आणि ड्रेनेज लागतं, आणि सगळ्यात शेवटी, सगळे अडकून पडल्यावर, रस्ता किती रुंद असावा यावर चर्चा सुरू होते. २०२१मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत आली, त्यात वाघोलीही आली. पत्ता मोठा झाला, टँकर तोच राहिला. आमचं सॉफ्टवेअर त्या मानाने बरंच वेळेवर होतं.

मग फंडिंग आलं आणि कंपनी खराडीला काचेच्या इमारतीत गेली. लिफ्टमध्ये अनोळखी माणसं भेटायची, ती आमचीच निघायची. मी अजूनही हेड होतो, पण आता माझ्यावर एक व्हाइस प्रेसिडेंट होता आणि त्याला प्रत्येक गोष्टीची 'प्रोसेस' हवी होती. पाणी प्यायला जाऊन येण्याची जी जुनी पद्धत होती तिचं नाव 'इंटर्नल अलाइनमेंट' झालं आणि तिला दोन दिवस लागू लागले. मावशीही आल्या, गळ्यात ओळखपत्र घालून. एचआरच्या मुलीने त्यांना बसवून समजावलं, की आपल्याकडे दादा-ताई, सर-मॅडम काही नाही, सगळ्यांना नावानेच हाक मारायची. मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं ताई."

पगारवाढीऐवजी त्या वर्षी आम्हाला शेअर मिळाले. म्हणजे मिळतील असं मिळालं. मी आनंदाने घरमालकांना सांगायला गेलो. मालक मूळचे वाघोलीचेच; रानात पूर्वी ज्वारी होती, आता तिथं तीन इमारती आहेत.

"शेअर म्हंजे मालकी ना?" त्यांनी विचारलं. "मग सातबाऱ्यावर नाव लागतंय का तुमचं?"

मी सांगितलं, लगेच नाही. चार वर्षांत हळूहळू. पहिल्या वर्षी काहीच नाही, वर्षाच्या आत सोडलं तर शून्य.

"आन् मग इकता येतात?"

तेही नाही. कंपनी शेअर बाजारात आली, किंवा कुणी विकत घेतली, तरच.

मालक बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "अवो, आडसाली ऊस लावला तरी अठरा महिन्यांत तुटतो," ते म्हणाले. "आन् तो नाय तुटला तर गुरांना तरी घालता येतो."

२०२५च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वनाज–रामवाडी मेट्रो दोन्ही टोकांना वाढवायला मंजुरी दिली. एकीकडे चांदणी चौक, दुसरीकडे वाघोली आणि विठ्ठलवाडी, १२.७५ किलोमीटर, १३ स्थानकं, ३,६२६ कोटी रुपये, मुदत चार वर्षं. ऑफिसात पेढे वाटले. संस्थापकाने टाऊनहॉलमध्ये जाहीर केलं, की मेट्रोच्या आधी आपला आयपीओ येईल. त्याच सुमारास माझ्या अप्रेझलचा निकाल लागला: पगारवाढ तत्त्वतः मंजूर, पुढच्या फंडिंगनंतर लागू.

संध्याकाळी नगर रस्त्यावर तासभर एकाच पानटपरीचं दर्शन घेऊन घरी पोचलो, तर मालक गेटपाशी गाडी लावून उभे.

"मेट्रो आली की वो साहेब!"

"मालक, अजून एक खांब नाही उभा राहिला."

"मंजूर झाली ना पण? मग पयल्या तारखेपासून भाडं दोन हजार वाढवून द्या."

"अहो, माझी पगारवाढपण नुसती मंजूरच झालीय!"

"झालीय ना?" मालकांचा चेहरा खुलला. "मग अडचण काय हाय?" आणि त्यांनी फॉर्च्युनर सुरू केली.