माणशी फक्त १,९९९

तिरुपतीला विमानानं जायचं, हा ठराव आमच्याकडे साडूभाऊंनी मांडला. ते नांदेडचे, आम्ही लातूरचे. विभागीय आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला, यावरून २००९ साली दोन्ही जिल्ह्यांत जे पेटलं, ते आमच्या दोन घरांत त्याच्या आधीपासून धुमसत होतं. आपल्या गावात विमान उतरतं, हे साडूभाऊ पंगतीत कढी मागता मागतासुद्धा सांगून घेतात. २७ एप्रिल २०१७ ला पंतप्रधानांनी शिमल्यातून 'उडान'च्या पहिल्या विमानांना झेंडा दाखवला, त्यात नांदेड-हैदराबाद होतं. तासाभराचा प्रवास असेल तर निम्म्या जागांना अडीच हजारांची मर्यादा, ही तेव्हा त्या योजनेची गंमत होती. एवढं त्यांनी सांगितलं की ते विमान उडवणारी कंपनी पुढं बंद पडली, हे मी सांगतो. विमानतळ लातूरलाही आहे, हेही सांगतो.

"व्हय की. निवडणुकीत दिसतो," ते म्हणतात.

खरं तर २००९ सालीच सरकारनं हे दोन्ही विमानतळ एकाच खासगी समूहाला लांबच्या भाडेपट्ट्यानं दिले. म्हणजे दोघी एकाच घरात दिलेल्या, एकमेकींच्या जावा. त्यातली एक नटूनथटून मिरवते आणि दुसरीच्या धावपट्टीवर हेलिकॉप्टरवाले पुढारी तेवढे पाय ठेवतात.

आम्हाला हव्या त्या तारखांना नांदेडहून काही जुळेना. तेव्हा हैदराबादच्या शमशाबाद विमानतळावरून निघायचं ठरलं. हैदराबाद ते तिरुपती माणशी १,९९९ असं साडूभाऊंच्या मोबाइलवर दिसत होतं आणि ते तो मोबाइल सत्यनारायणाच्या प्रसादासारखा घरभर फिरवत होते. आम्ही सात जण: मी, बायको, आई, दोन लेकरं आणि नांदेडची जोडी.

हिशेब मुलीकडे दिला. ती नीटची तयारी करते, अस्सल लातूर पॅटर्न. निगेटिव्ह मार्किंगची सवय असल्यामुळे तिला कुठल्याही आकड्यातला सापळा आधी दिसतो. सात जणांचे जाऊन-येऊन २७,९८६. आपणच आपलं तिकीट काढण्याची सोय केल्याबद्दल माणशी, फेरीमागे साडेतीनशे, झाले ४,९००. जागा निवडण्याचे ३,५००. लातूरहून शमशाबाद म्हणजे तीनशे किलोमीटरच्या आसपास. जीपवाला दोन्ही वेळचे सोळा हजार म्हणाला, टोल वेगळा. बेरीज ५२,३८६. तिनं खाली दोन रेघा ओढल्या. जाऊन-येऊन चार हजारांचा माणूस साडेसात हजारांचा झाला होता, आणि अजून रेणीगुंट्याच्या विमानतळावर उतरून डोंगर चढायचा राहिलाच होता.

"आन माझं किती?" आईनं विचारलं.

"तुझं तेवढंच."

"कामून? एस्टीत तर मला फुकट हाय."

याला उत्तर नाही. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. तेव्हापासून आई उदगीर, अहमदपूर, लोहा अशा गावांना नुसतं कुणाचं बरं आहे का ते बघायला जाऊन येते. शून्य रुपये भरण्याची सवय लागलेल्या बाईला १,९९९ स्वस्त कसे, हे कुठल्या पॅटर्ननं शिकवायचं? बायकोनंही आपलं अर्धं कुठं आहे ते विचारलंच. आमच्या घरात पूर्ण तिकीट लागणारा मी एकटाच आहे.

मग जागांचे साडेतीन हजार वाचवायचं ठरलं. बारा वर्षांपर्यंतच्या लेकराला आई किंवा बापाजवळ बसवा, असं विमान वाहतूक महासंचालनालयानं एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय. आमचा धाकटा नऊचा, त्याची सोय झाली. नवराबायकोला जवळ बसवा असा नियम काही निघालेला नव्हता. साडूभाऊंनी तो लेकरांचा आदेश दोनदा वाचून खात्री करून घेतली आणि पैसे वाचवण्याला मनापासून पाठिंबा दिला.

खरी गाडी अडली सामानावर. विमानाच्या पोटातल्या बॅगेला माणशी पंधरा किलो, हातात सात. आईनं काढून ठेवलं होतं ते असं: धपाटे, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, तिखटाची पुडी आणि देवाला न्यायच्या खोबऱ्याच्या वाट्या. तिखट, मसाला हातातल्या पिशवीत चालत नाही. ते ठीक. पण खोबरं कुठल्याच बॅगेत चालत नाही. त्यात तेल असतं, ते आपसूक तापून पेट घेऊ शकतं, म्हणून त्याची गणती धोकादायक मालात होते. हे ऐकल्यावर आईनं आयुष्यभर जिच्यावर खोबरं ठेवलं त्या फळीकडे पाहिलं.

"येताना बालाजीचे लाडू बी हायेत," बायको म्हणाली.

"येताना केस तिथंच राहतील. तेवढं वजन वजा धरा," साडूभाऊ म्हणाले. त्यांच्या डोक्याकडे बघून कुणी काही बोललं नाही.

माझं मत विचाराल, तर हे भाडं एका बॅगेच्या, एका पोटाच्या माणसाचं. हैदराबादेत नोकरीला असलेला आमचा भाचा त्याच भाड्यात खिशात हात घालून जातो-येतो आणि तिकीट काढण्याचे साडेतीनशे सोडले तर एक पैसा जादा देत नाही. सात जणांचं कुटुंब म्हणजे पंधरा बॅगा. आईच्या कंबरेसाठी म्हणावं, तर विमानानं वाचवलेले तास जीप वसूल करून घेते. सिकंदराबाद-तिरुपती वंदे भारत २०२३ पासून धावते, साधारण साडेआठ तासांत पोचवते, आणि खोबरं घेऊन जाते. मी हे सगळं नीट मांडलं. मुलगी माझ्या बाजूनं होती. साडूभाऊसुद्धा गप्प झाले.

"उदगीरची जाऊबाई शिर्डीला इमानानं जाऊन आली," आई म्हणाली. "दिवाळीपासून तेच सांगायली."

तिकिटं त्याच रात्री काढली. खिडकीची एक जागा तेवढी पैसे भरून घेतली.

निघायच्या आदल्या दिवशी बॅगा मोंढ्यातल्या ओळखीच्या आडतीवर नेल्या, कारण घरचा काटा साडूभाऊंना पटेना. लातूरचा काटा जादा दाखवतो म्हणे. तूर आणि सोयाबीनच्या कट्ट्यांमध्ये आमची निळी बॅग चढवली. सोळा किलो दोनशे. मुनिमानं वही उघडली आणि मालाचं वजन कापायच्या सवयीनं विचारलं, "कडता किती धरू?"

"सव्वा किलो धरा," साडूभाऊ म्हणाले, "आन विमानवाल्याच्या नावानं चिठ्ठी द्या."