बिनभाड्याच्या खोलीचं भाडं

तुरुंगाला आपल्याकडे बिनभाड्याची खोली म्हणतात. हे अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्याच्या कानावर घालू नका. तिथे या खोलीचं भाडं ठरलेलं आहे: 2022 मध्ये ते दिवसाला 249 डॉलर होतं, म्हणजे वर्षाचे 90,885. एवढ्यात बऱ्या हॉटेलात खोली मिळते, वर सकाळचा नाश्ता, आणि मुख्य म्हणजे आतून लावायची कडी.

आत बसलेल्या माणसाकडे कुठले आलेत एवढे पैसे, असं तुम्ही विचाराल. तिथल्या कैद्याला तुरुंगातल्या कामाचे दिवसाला दोन डॉलरही सुटत नाहीत. एका दिवसाचं भाडं फेडायला त्याला चार महिन्यांवर राबावं लागणार, आणि त्या चार महिन्यांचं भाडं पुन्हा वेगळं. हा हिशेब ज्यानं मांडला त्याच्याकडे आपल्या सावकारांनी शिकवणीला जायला हरकत नाही.

पण सरकार समंजस आहे, ते थांबतं. कैदी सुटतो, नोकरी धरतो, पोरंबाळं होतात, आणि एके दिवशी त्याची आई जाते. मग सरकार भेटायला येतं. त्याच्या वाट्याला आलेल्या वारशातला निम्म्यापर्यंतचा हिस्सा कायद्यानं मागता येत असे. तो स्वतःच वारला, तर सुटकेनंतर 20 वर्षांपर्यंत त्याच्या इस्टेटीवर दावा. ही वसुली तुरुंगखातं करत नाही, प्रशासकीय सेवा खातं करतं. त्या खात्यात एखादा कारकून सकाळचा चहा घेता घेता निधनवार्तांचं पान काढत असेल, एका हातात पेन्सिल आणि दुसऱ्या हातात जुन्या कैद्यांची यादी, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. बिचाऱ्याला हळहळावं की खूण करावी, दोन्ही एकदम सुचत असणार.

2022 मध्ये असोसिएटेड प्रेसनं एका बाईंची हकीकत दिली होती. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अडीच वर्षं काढून सुटल्याला त्यांना दोन दशकं झाली होती. आई वारली, घर त्यांच्या आणि भावंडांच्या नावावर आलं आणि घरापाठोपाठ त्यावर सरकारचा बोजा आला: 83,762 डॉलर. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवायची वाट बघत तासन्‌तास उभं राहावं लागतं. तिकडे तो न बोलावता येतो, लेटरहेडवर येतो.

करदात्यांनी गुन्हेगारांना का पोसायचं, हा युक्तिवाद तयारच असतो, आणि ऐकायला बराही वाटतो. पण न्यायाधीशांनी निकालात कैद सांगितली होती, आईचं घर सांगितलं नव्हतं. शिवाय वसूल झालेली रक्कम सरकारी तिजोरीत जाते. ज्याचं नुकसान झालं, त्याला त्यातला छदाम मिळत नाही.

2022 मध्येच कनेक्टिकटनं कायदा मवाळ केला. आता पहिले 50,000 डॉलर सोडून देतात आणि बहुतेकांना वगळतात. खून आणि तशाच गंभीर गुन्ह्यांतल्यांना मात्र भाडं चालू. मुळात ही कल्पनाही कनेक्टिकटची नव्हे. मिशिगननं असा कायदा 1935 मध्येच केला होता, ऐन महामंदीत, जेव्हा आतल्या आणि बाहेरच्या खिशांत फारसा फरक नव्हता.

कल्पकतेत मात्र फ्लोरिडाचा हात कुणी धरणार नाही. तिथे दर स्वस्त, दिवसाला 50 डॉलर. पण मोजायचे ते भोगलेले दिवस नव्हेत, सुनावलेले. सात वर्षांची शिक्षा झाली आणि चांगल्या वर्तणुकीमुळे माणूस लवकर सुटला, तरी बिल सात वर्षांचं. त्याच्या रिकाम्या खाटेवर दुसरा येतो, त्याचंही बिल सुरू. एकच खोली दोन भाडेकरूंना देणारे घरमालक मुंबईत पाहिले आहेत; त्यांना पोलिसांत खेचता तरी येतं.

आणि तुम्ही गुन्हा केलाच नसेल तर? त्याचंही उत्तर तयार होतं, ब्रिटनमध्ये. ब्रिजवॉटर या नावानं गाजलेल्या एका खटल्यात 1979 मध्ये चौघांना शिक्षा झाली. एक जण तुरुंगातच वारला, बाकीचे तिघे 1997 मध्ये निर्दोष ठरून बाहेर आले. त्यांच्यातल्या दोघा चुलतभावांना भरपाई देताना बुडालेल्या कमाईतून एक हिस्सा कापला. कारण? इतकी वर्षं आत होतात, तेव्हा घरभाडं आणि जेवणखाण वाचलं की नाही तुमचं! हाउस ऑफ लॉर्ड्सनं 2007 मध्ये या कपातीवर शिक्कामोर्तब केलं. अँड्र्यू माल्किन्सन हे गृहस्थ नाहक 17 वर्षं तुरुंगात काढून सुटले, ओरड झाली, तेव्हा कुठे ऑगस्ट 2023 मध्ये सरकारनं ही कपात बंद केली.

आपण काही फार सोवळे नाही. कैद्यांच्या मजुरीतून त्यांच्या पोटापाण्याचा खर्च कापायला आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही 1998 मध्ये मुभा दिली आहे. पण आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत एक जुनं कलम अजून तग धरून आहे, आणि ते मला मनापासून आवडतं. देणं थकवणाऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकायचं असेल, तर त्याच्या जेवणखाणाचा भत्ता टाकायला लावणाऱ्या सावकारानं भरायचा. भत्ता थकला की कैदी मोकळा. हे कलम कुणीतरी भाषांतर करून कनेक्टिकटच्या प्रशासकीय सेवा खात्याला धाडावं. पाकिटावर पोस्टेज लावायला मात्र विसरू नये, नाहीतर ते आपल्या वारसांकडून वसूल होईल.